जेव्हीएलआर नको असेल तर जेव्हीएलआर

चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा पार्ल्याला होता. भांडुपहून निघालेली आमची अर्धी मंडळी अंगठ्या घालून झाल्यावर पोहोचली. मोबाइलमधल्या नकाशाने एक तास पाच मिनिटं सांगितली होती, लागले दोन तास. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर खटला चालू आहे आणि आरोपी एकच, नकाशा. काकांच्या मते तो मुद्दाम खोटं बोलतो. दादाच्या मते त्याला मुंबई कळत नाही. शेवटचा निकाल भाओजींनी दिला: 'हे सगळं फॉरेनच्या रस्त्यांसाठी बनवलंय. तिकडे जर्मनीत बरोबर चालत असेल, इथे रिक्षावाल्याला विचारावं.'

आता मी स्टुटगार्टला राहते, म्हणजे हा टोला कुणाला होता ते उघड आहे. मी तिथल्या तिथे चार परिच्छेद लिहिले. ते कुणीच वाचले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

नकाशा दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो आणि आपण त्या एकच धरून चालतो. हिरवा, नारिंगी, लाल हे रंग म्हणजे आत्ता रस्त्यावर काय चाललंय त्याची नोंद. त्या पट्ट्यातल्या लोकांच्या खिशातले फोन किती वेगाने पुढे सरकताहेत, त्यावरून तो रंग ठरतो. 'एक तास पाच मिनिटं' हा मात्र अंदाज असतो. आत्ताचा वेग आणि याच वारी याच वेळी आजवर काय होत आलंय, ते धरून बांधलेला. रंग सहसा खरा निघतो. अंदाज तुम्ही गांधीनगर जंक्शनला पोहोचेपर्यंत शिळा झालेला असतो, कारण तेवढ्यात पवईला एखादा डंपर बंद पडलेला असतो. आदल्या दिवशी निघायची वेळ घालून पाहिलं तर हाच नकाशा एक आकडा देत नाही, एवढे ते एवढे असा पल्ला देतो, आणि मुंबईतल्या संध्याकाळी तो पल्ला चांगलाच ऐसपैस असतो. पण तो पाहणार कोण? आमच्याकडे सगळ्यांच्या चपला घालून झाल्यावर, लिफ्टमध्ये, कुणीतरी फोन काढतं आणि दिसलेला सगळ्यात बरा आकडा मोठ्याने वाचून दाखवतं.

आणि सुचवून सुचवून त्याने सुचवायचं तरी काय? पूर्व उपनगरातून पश्चिमेला जायला रस्तेच मोजके. जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, घाटकोपर-अंधेरी, सांताक्रूझ-चेंबूर, नाहीतर थेट सायनचा वळसा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे व्हायचे आहेत. भांडुपच्या माणसाला पार्ल्याला जायचं, तर जेव्हीएलआर नको असेल तर जेव्हीएलआर. त्यातही मधोमध मेट्रो सहाचं काम आणि पत्रे. मी सकाळी स्टुटगार्टच्या फाइहिंगन भागातून शेजारच्या झिंडेलफिंगनला निघते तेव्हा ए ८१ महामार्गावर स्टाऊ, म्हणजे ट्रॅफिक जॅम, असला तर नकाशा मला जंगलातून एक आणि गावातून दोन वाटा काढून देतो. तो काही माझ्याशी जास्त प्रेमाने वागत नाही. त्याच्या हातात तीन जास्तीचे रस्ते आहेत, एवढंच.

'जर्मनीत बरोबर चालत असेल' म्हणणाऱ्यांसाठी २९ मे २०२५ ची गोष्ट. गुरुवारची हिमेलफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाची) सुट्टी, पुढचा ब्रूकनटाग, म्हणजे जोडून घेतलेला शुक्रवार, धरून चार दिवस, अख्खा देश गाडीत बसलेला. त्या दिवशी गुगल मॅप्सने इथल्या कितीतरी ऑटोबान, म्हणजे महामार्ग, बंद दाखवल्या. फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, बर्लिनभोवती 'रस्ता बंद'च्या खुणांची नुसती रांगोळी. रस्ते व्यवस्थित उघडे होते. घाबरून लोक आडवाटांना लागले आणि त्या वाटा तुंबल्या. तेव्हा इथे कुणी म्हणालं नाही की हे मुंबईसाठी बनवलेलं असणार.

त्याआधी २०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या सिमोन वेकर्ट नावाच्या कलाकाराने एका छोट्या हातगाडीत ९९ फोन ठेवून ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढली होती. नकाशावर तो रस्ता लाल झाला. गुगलने उत्तरात हसत सांगितलं, की भारत, इंडोनेशिया, इजिप्तसारख्या देशांत गाडी कुठली आणि मोटारसायकल कुठली हे आम्हाला ओळखता येतं, हातगाडीचं अजून जमलेलं नाही. मी मोठ्या हौसेने हे ग्रुपवर टाकलं. दादाचं उत्तर आलं, 'ते खोटी हातगाडी घेऊन खोटा ट्रॅफिक करतात. मस्जिद बंदरला ये, खऱ्या हातगाड्यांचा खरा दाखवतो.'

यावर काय बोलणार? पण गुगलच्या त्या उत्तरातलं भारताचं नाव त्याच्या नजरेतून सुटलं. आपल्या शहरांसाठी कुणी डोकं लावलंच नाही हे खरं नव्हे. नकाशातला दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये जगात पहिल्यांदा भारतात आला. ट्रॅफिकमध्ये बाइक फटीतून निघून जाते आणि गाडी तिथेच राहते. दोघांना एकच वेळ सांगणं हा शुद्ध फसवेपणा झाला असता. उलट जेजे पुलावर, सी-लिंकवर बाइकला बंदी, म्हणजे तिचा रस्ताही वेगळा. लालबागला तुम्ही उड्डाणपुलावर आहात की खाली, हे फोनला आकाशातल्या उपग्रहांवरून धड कळत नाही. वर सुसाट आणि खाली ठप्प, आणि वरून पाहिलं तर दोन्ही एकाच रेषेवर. पुढे पूल घ्यायचा की नाही, हे आधी बजावण्याची सोय आपल्याकडे २०२४ मध्ये आली. उशीर झाला, मान्य.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघं जण नकाशा पाहत पाहत अर्धवट पुलावरून खाली नदीत गेले आणि जीव गमावून बसले. आमच्या ग्रुपवर निष्कर्ष निघाला, 'बघा, नकाशा माणसं मारतो.' अरे, पूल अर्धा आहे तर तोंडाशी आडवा कठडा कुणी घालायचा? पोलिसांनी गुन्हा नोंदवला त्यात सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते होते. ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

किंवा अंधेरीचा गोखले पूल घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि अख्ख्या पश्चिम उपनगराची फरफट झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तर नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल एकमेकांना भेटेनात. उंचीत दीड-दोन मीटरचा फरक. मग बर्फीवाला पूल उचलून जोडावा लागला. कागदावर जुळलेल्या दोन रेषा जमिनीवर जुळत नाहीत, हे काम नकाशाचं की महापालिकेचं? इथे जर्मनीत रस्ता खोदणार असतील तर आधी पाटी लागते, तारखांसकट. मुंबईत विसर्जनाच्या वाहतूक बदलांचा आदेश निघतो, त्याचा फोटो ग्रुपवर येतो, बारीक अक्षरात, अर्धा कापलेला, आणि आपण चौपाटीच्या दिशेने निघून नकाशाला शिव्या घालतो.

नकाशा अगदी निर्दोष आहे असं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही. इथून उन्हाळ्यात दक्षिणेकडे निघालं की ऑस्ट्रियातल्या फेर्नपास घाटाच्या अलीकडे फोन आपल्याला हमखास खेड्यातून काढतो. तिथल्या टिरोल प्रांताने २०१९ पासून सुट्टीच्या दिवसांत ते बंद केलंय. पोलीस फाट्यावर उभे राहतात, त्या गावात काम नसेल तर सरळ परत हायवेवर पाठवतात. मला ते आवडतं, माझा तास गेला तरी. जिथे एक रिक्षा आणि एक म्हातारा मावतो अशा चेंबूर गावठाणातल्या गल्लीतून नकाशा ऑफिसला जाणाऱ्या चाळीस गाड्या सोडतो. तिथले लोक शेवटी रंगाचा रिकामा डबा, तुटकी खुर्ची आणि एक वॉचमन आडवा घालतात. टिरोलचं सरकार आणि चेंबूरचा वॉचमन एकच गोष्ट करताहेत. एकाकडे गणवेश आणि कायदा आहे, दुसऱ्याकडे नुसता गणवेश.

हे सगळं वाचून दादाने शेवटी लिहिलं, 'तू तिथून आम्हाला ट्रॅफिक शिकवू नकोस. आधी तुमचं ते स्टेशन पूर्ण करा.' स्टुटगार्ट २१ या नव्या भूमिगत रेल्वे स्टेशनचं काम २०१० मध्ये सुरू झालं, २०१९ ला व्हायचं होतं, अजून रखडलंय. हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. आपल्याच माणसांना असली शस्त्रं पुरवू नयेत.

पण 'तिथून' हे त्याचं खरं आहे, आणि म्हणूनच ते लागलं. दुपारी तीनच्या सुमाराला, कॉफी घ्यायला उठते तेव्हा, मी फोनवर मुंबई उघडते. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. एलबीएस मार्गावर मंगतराम पेट्रोल पंपापासून सोनापूरपर्यंत कसा रंग आहे ते बघते. गडद लाल असला तर दादा अजून रस्त्यात आहे, वहिनी चहाचं आधण ठेवायची थांबली असेल. कुणी मला विचारलेलं नसतं, मला कुठे जायचंही नसतं. उलट ज्या शहरात मी रोज गाडी चालवते तिथे नकाशाशिवाय फाइहिंगनहून बाड कान्स्टाटला जायची माझी छाती होत नाही. इतकी वर्षं झाली, पण स्टुटगार्टमध्ये माझी स्वतःची अशी एकही चोरवाट नाही. नकाशातली बाई सांगते तिथे मी वळते. शेजारच्या हेर म्युलरना साधं 'ती बेकरी कुठून जवळ पडते' सांगायचं तरी मी फोन काढते, आणि ते नम्रपणे थांबतात.

मागच्या खेपेला विमानतळावरून भांडुपला येताना टॅक्सीवाल्याच्या फोनवर नकाशा चालू होता आणि मागे बसून मी माझाही लावला. दोन बायका दोन सेकंदांच्या अंतराने एकच वळण सांगत होत्या. मरोळला तो वैतागून म्हणाला, 'मॅडम, एक तरी बंद करा. नाहीतर तुम्ही पुढे येऊन बसा.' मी माझा बंद केला. त्याने त्याचाही बंद केला आणि आपल्या मनाने एका गल्लीत घातली. ती गल्ली मला माहीत नव्हती. माझ्या वेळी तिथे रस्ता नव्हता, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, असेल.

आता लग्न डिसेंबरात आहे, हॉल दादरला. किती वाजता निघायचं यावर ग्रुपवर पुन्हा रणधुमाळी. काका म्हणतात सातला, दादा म्हणतो, 'साडेआठला, आणि मला विचारल्याशिवाय कुणी फोन उघडायचा नाही.' मी लिहिलं, तुम्ही भांडत बसा, मी लोकलने जाणार. भांडुप ते दादर, ना लाल ना नारिंगी. वहिनीने विचारलं, 'पैठणी नेसून?' मी म्हटलं, हो, लेडीज डब्यात, साडेनऊनंतर गर्दी ओसरते.

दोन मिनिटांनी दादाचं उत्तर आलं. 'लग्न रविवारी आहे, बाईसाहेब. मेगाब्लॉक असतो. माटुंगा ते मुलुंड.'