पहिले सात दिवस शरीर झोपलेले असते का?

पावसाळा सरत आला की सोलापुरात तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यासोबत एक संदेशही दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: विषाणू शिरल्यावर पहिले सात दिवस शरीराला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण अँटिबॉडी (विशिष्ट विषाणूला ओळखून जखडणारी प्रथिने) तयार व्हायला तेवढे दिवस लागतात, म्हणून दिवसातून पाच वेळा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी, ती जितकी जास्त तितका माणूस सुरक्षित, ताप चढला म्हणजे विषाणू जिंकला आणि उतरला म्हणजे हरला. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. गेल्या भाद्रपदात विडी घरकुलातल्या एका ताईंनी मुलाचा अहवाल हातात धरून हाच संदेश मला वाचून दाखवला आणि विचारले, "पांढऱ्या पेशी 2,800 वर आल्यात, म्हणजे त्याची ताकद संपली का हो?" त्यांना जे सांगितले, तेच इथे सविस्तर मांडतो.

अँटिबॉडींबद्दलचे विधान बऱ्याच अंशी खरे आहे. शरीराला पूर्वी कधी न भेटलेल्या विषाणूविरुद्ध त्या पुरेशा प्रमाणात तयार व्हायला साधारण आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. मात्र तोवर शरीर बेसावध असते हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, कारण जन्मजात प्रतिकारशक्ती ही वेगळी यंत्रणा काही तासांतच कामाला लागलेली असते.

डेंग्यूचेच पाहू, कारण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात आणि एडिस डासाला नेमके तेच हवे असते. डासाच्या चाव्यातून आलेला विषाणू पेशीत शिरून आपल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूच्या, प्रती काढू लागतो. त्या काढताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटलेले लांब तुकडे तयार होतात, जे निरोगी पेशीच्या पेशीद्रवात सहसा नसतात; शिवाय आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला जी रासायनिक टोपी असते, ती विषाणूच्या ताज्या प्रतींवर सुरुवातीला नसते. रिग-आय आणि एमडीए-5 ही पेशीद्रवातली प्रथिने हीच विसंगती हेरतात, तर टोल-सदृश ग्राही नावाची दुसरी प्रथिने पेशीने बाहेरून आत घेतलेल्या पिशव्यांमध्ये पाळत ठेवतात. विषाणू डेंग्यूचा की फ्लूचा हे त्यांना कळत नाही, कळण्याची गरजही नसते. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चादरीवर कोणती नक्षी चालली होती याच्याशी त्याला देणेघेणे नसते. जन्मजात प्रतिकारशक्ती कशी जागी होते याच्या शोधांसाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

धोका हेरलेली पेशी इंटरफेरॉन हे शेजाऱ्यांना इशारा देणारे प्रथिन सोडते. अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी 1957 मध्ये लंडनला दाखवून दिले, की उष्णतेने निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पटलावर ठेवला तर पटलातून असे काही द्रव्य बाहेर येते, जे ताज्या पेशींनाही विषाणूपासून वाचवते. हे द्रव्य पोहोचले की शेजारच्या पेशी सज्ज होतात आणि विषाणू आत येताच प्रथिने बनवण्याचे स्वतःचे काम थांबवतात, आरएनए कापून टाकतात. मागाची उपमा इथे तर तंतोतंत लागू पडते: विषाणूला स्वतःचा माग नसतो, तो आपल्या पेशीच्या मागावर आपले कापड विणतो, आणि पेशी तो मागच बंद करते. विषाणूही गप्प बसत नाही; डेंग्यूचा विषाणू इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेणारे एक प्रथिनच नष्ट करवतो. म्हणून ही लढाई दरवेळी सोपी नसते, पण ती पहिल्या दिवसापासून चालू असते.

ताईंच्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी दिसल्या त्याही याच लढाईच्या काळात. डेंग्यूत सुरुवातीला त्या घटणे नेहमीचेच असते आणि बरे होताना त्या पुन्हा वाढतात. तो आकडा म्हणजे संपलेली ताकद नव्हे.

प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. ती लवकर जागी व्हावी लागते आणि वेळेवर शांतही व्हावी लागते. कोविडमध्ये गंभीर न्यूमोनिया झालेल्या किमान दहा टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी आढळल्या, हे 2020 मध्ये समोर आले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या चाचणीत प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मग काढा पिऊन नेमके काय वाढवायचे? घसा शेकावा म्हणून कपभर जरूर घ्यावा, पण त्यावर विसंबून तपासणी लांबवू नये.

राहिला ताप. विषाणू हेरल्यावर पेशी जी रसायने सोडतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला शरीराचे तापमान वरच्या पातळीवर ठेवायला लावतात. म्हणूनच मे महिन्यातल्या उन्हाळ्यातही रुग्ण थंडीने कुडकुडतो आणि चादर मागतो. ताप हे विषाणूच्या विजयाचे चिन्ह नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे, पण डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

संदेशातले सर्वांत घातक वाक्य मात्र शेवटचे आहे: ताप उतरला म्हणजे विषाणू हरला. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान सुरू होतो. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. ताईंच्या मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. "आता बरा झाला," असे घरचे म्हणत असताना त्याला दोनदा उलटी झाली, आणि ताई त्याला घेऊन त्याच संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या.