‘पाच मिनिटांत पायबंद’ : त्या मेसेजला उत्तर

घरच्या घरी घोड्याचा पायबंद (चरायला सोडलेलं जनावर लांब जाऊ नये म्हणून पायांना घालायचं बंधन) कसा करायचा, असा एक व्हिडिओ सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याखालचा मजकूर थोडक्यात असा : नायलॉनची दोरी घ्या, ती तुटत नाही. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकमेकांना बांधा. म्हशीला चालतं ते घोड्यालाही चालतं. शिकवायची गरज नाही, एका दिवसात सवय होते. रात्रभर खुशाल चरायला सोडा, पळणार नाही. दोरी लागलीच तर हळद आणि डिझेल लावा. गोव्यात पोर्तुगीज काळापासून असंच करतात आणि कायद्याची काही बंदी नाही.

असले मेसेज रोज येतात, मी सोडून देतो. पण पेडण्यातल्या माझ्या भाच्याने वरातीसाठी नुकतीच घोडी घेतली आहे. त्याने हा व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘मामा, म्हापशाहून दोरी आणलीय. आजच बांधू काय?’’ तेव्हा मात्र गप्प बसवेना.

आधी तो तिरका बांधलेला पाय. बाकी सगळं एका बाजूला, हा सल्ला घोड्याचा जीव घेणारा आहे. म्हैस उठते तेव्हा पुढच्या गुडघ्यांवर टेकून आधी मागचा भाग उचलते. घोड्याचं उलट असतं. तो पुढचे दोन्ही पाय लांब टाकतो, खूर जमिनीत रोवतो आणि मग मागच्या पायांच्या जोरावर धड वर लोटतो. पुढचा पाय मागच्याला जखडला असेल तर तो पुढे जाणारच कसा? घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं. रात्रभर असं सोडलेलं जनावर कधीतरी आडवं होणार, उठायला जाणार आणि अडकणार. अडकल्यावर म्हैस दावं ताणून बघते आणि बहुधा थांबते. घोडा थांबत नाही. पळून जीव वाचवणं एवढंच त्याच्या रक्तात आहे, त्यामुळे पाय अडकला की तो झटके देतच राहतो. आणि दोरी तर तुटत नाही म्हणून मुद्दाम निवडलेली. मग तुटणार ते हाड किंवा शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा.

नायलॉनबद्दल बोलायचं तर तिचा मेसेजमध्ये सांगितलेला गुण हाच तिचा दोष आहे. घोड्याच्या घोट्याखाली, खुराच्या वर, मांस नसतंच. कातडी, तिच्याखाली शिरा, मग हाड. गुळगुळीत, बारीक दोरी तिथे सरकली की घासून चटका बसतो. आधी केस उलटे उभे राहतात, मग झडतात, कातडी पांढुरकी पडते आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल, ओलं कडं दिसतं. घोट्याखाली मागच्या बाजूला जी खळगी असते तिथे तर पाय प्रत्येक पावलाला दुमडतो, त्यामुळे तिथली चीर मिटता मिटत नाही. काथ्याचा दोरही तिथे नको, तो किसणीसारखा कातडी सोलतो.

अशा जखमेवर डिझेल! डिझेलने कातडी जळते, जखम बरी होत नाही. आणि मुख्य धोका धनुर्वाताचा. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं दुसरं नाही. त्याचे जंतू मातीत असतात, खुद्द घोड्याच्या लिदीतही असतात, आणि ही जखम नेमकी जमिनीपासून वीतभर उंचीवर. जबडा आखडला, शेपूट ताठ झालं, डोळ्यावर आतला पडदा सरकला की मग जनावर वाचणं फार कठीण. जखम झालीच तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. धनुर्वाताची लस तर घोडा दारात आला की पहिल्यांदा.

‘पळणार नाही’ हेही खोटं. पायबंदाची सवय झालेला घोडा पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत बराच लांब जातो. आमच्या तालुक्यात सड्यावर पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणी आहेत, धारगळच्या बाजूला महामार्ग आहे. पाय बांधलेल्या घोड्याला पाण्यात धड पोहता येत नाही आणि ट्रकसमोरून बाजूला होता येत नाही. रात्री कोण बघणार?

परंपरेचं म्हणाल तर अर्धं मान्य करावं लागतं. पायबंद आपल्याकडे जुना आहे. पागेत अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून बांधायचे दोर, लावायचेच, पण ती ठाणावर (बांधायच्या जागी) उभ्या घोड्याला, मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या नजरेसमोर. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली आणि अरबी घोडे होर्मुझहून इथे उतरून विजयनगरला जात, हाही इतिहास आहे. नायलॉन मात्र जगासमोर आलं १९३८ साली.

घरी केलेला पायबंद वाईटच असतो, असंही मी म्हणत नाही. जुनं गोणपाट तिरकं दुमडून जाड पट्टा करा. तो एका पुढच्या पायाला घोट्याखाली वेढा, दोन पायांच्या मध्ये चार-पाच पीळ द्या आणि टोकं दुसऱ्या पुढच्या पायाला सुरगाठीने बांधा. एका ओढीत सुटली पाहिजे. सरकफास कधीच नको. घोडा नीट उभा राहिल्यावर दोन पायांत जेवढं अंतर असतं तेवढंच ठेवा, आत दोन बोटं जाऊ द्या. घोडा बिथरलाच तर गोणपाट फाटतं, आणि ते फाटावंच. जाड, मऊ सुती दोरही चालतो, पण पावसात नको. भिजला की तो आखडतो आणि सुरगाठीची निरगाठ होते. आणि त्याआधी शिकवणी हवीच. एका पायाला मऊ दोर लावून हलकं ओढलं की झटका न देता पाय द्यायला घोडी शिकली पाहिजे. मग मऊ जमिनीवर, कुंपणाच्या आत, थोडा वेळ, कमरेला धारदार सुरी लावून आपण शेजारी उभं राहायचं. एका दिवसाचं हे काम नव्हे.

राहिला कायदा. पायबंद असं नाव घेऊन बंदी नाही, एवढं खरं. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ काढून वाचा. अवाजवी आखूड किंवा जड दोराने, साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, विनाकारण वेदना देणं हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम ५० रुपयांपर्यंत, ही त्या कायद्याची लाज. पण तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पशुवैद्याने पायावरचं कडं पाहून अहवाल लिहिला की ‘व्हिडिओत तसं सांगितलं होतं’ हे कारण कोणी ऐकून घेत नाही.