हजार डॉलरचा वेडर आणि तापीचा गाळ

जानेवारीतल्या पहाटे जळगाव-भुसावळकडे पारा दहाच्या खाली उतरतो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्यात, त्याच वेळी भोई आणि कोळी बांधव कंबरभर पाण्यात उभे राहून तंगूस जाळी सोडवत असतात. अंगावर बंडी, खाली अर्धी चड्डी. जाळं काढून ते काठावर आले की त्यांच्या पायांकडे नीट बघा. तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांच्या भेगांत साबणानंही न निघणारा काळा गाळ. शिंगाड्याचा काटा कधीतरी रुतलेला असतो, त्याची गाठ घोट्याजवळ हाताला लागते.

पाण्यात असं तासन् तास उभं राहणाऱ्यांसाठी एक वस्तू जगात कधीची तयार आहे. तिला वेडर म्हणतात. बूट आणि छातीपर्यंतची पँट एकसंध, वर खांद्यावर पट्टे. ही वस्तू ज्यांना खरी लागते त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही, आणि जिथे पोचली तिथे ती मिरवायची झाली. माझं मत सरळ आहे. परदेशातला महागडा वेडर खानदेशच्या पाण्यासाठी बनलेलाच नाही. साधा पीव्हीसीचा वेडर नीट निवडला, नीट बांधला आणि वेळच्या वेळी ठिगळ लावून ठेवला, तर इथे तोच योग्य.

आधी ही वस्तू कशी घडली ते बघू. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, त्यानंतरच रबरी बूट टिकाऊ झाले. जुने वेडर रबर लावलेल्या जाड कॅनव्हासचे असत. वजनाला भारी, आणि घडी घालून ठेवले की घडीच्या रेघेवर तडकत. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर आधी हल्ला करतो आणि घडीवर रबर ताणलेलंच असतं. म्हणून जुने लोक वेडर उलटे टांगून ठेवत. पुढे निओप्रीन आलं. ड्यूपाँटनं १९३०च्या आसपास शोधलेलं हे कृत्रिम रबर फुगवून त्याचा स्पंज केला, की आतल्या बंद बुडबुड्यांमुळे ऊब धरतं. तीन ते पाच मिलिमीटरच्या निओप्रीनचे वेडर १९८०च्या दशकात चांगलेच चालले. बर्फाळ पाण्यात त्यांना तोड नाही. आपल्याकडे मात्र डिसेंबर-जानेवारीची पहाट सोडली तर त्यात माणूस शिजतो.

तिसरी पिढी घाम बाहेर सोडणाऱ्या कापडाची. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा केला, तोच गोरटेक्स. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. असा पडदा दोन-तीन कापडांच्या थरांत चिकटवला की हलका आणि कोरडा वेडर होतो. अमेरिकेत १९८० मध्ये सुरू झालेल्या सिम्स कंपनीनं या कापडाचे वेडर नावारूपाला आणले. २०२२ मध्ये ती कंपनी १९ कोटी २५ लाख डॉलरला विकली गेली. आज तिचा वरच्या श्रेणीतला वेडर हजार डॉलरच्या घरात आहे. एका पँटचे ऐंशी-नव्वद हजार रुपये.

आता ते कापड इथे का हरतं ते सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. वाफ पडद्यातून आपण होऊन बाहेर जात नाही, तिला आतबाहेरच्या बाष्पदाबातला फरक ढकलतो. घामानं ओल्या, ३५ अंशांच्या त्वचेजवळ हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. थंड पाण्यातल्या ट्राउट माशाच्या नदीचं पाणी १० अंशांचं धरा, तिथे तो १.२. फरक ४.४ चा, म्हणजे घाम झपाट्यानं बाहेर. तापीच्या फुगवट्यात पावसाळ्यात पाणी ३० अंशांचं असलं तर तिथला दाब ४.२. फरक उरला १.४ चा. ढकलणारा जोर एक तृतीयांशावर आला आणि वर दमट हवा. म्हणजे हजार डॉलर मोजून पाय घामानं भिजलेलेच.

म्हणून मार्च ते ऑक्टोबर इथे वेडर घालूच नये. लवकर सुकणारी पातळ पँट, जाड मोजे आणि घोट्यावर नाडीनं घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट, बस. पाणी आत येईल आणि जाईल, पाय घासणार नाहीत. चप्पल घालून मात्र पाण्यात उतरू नका, गाळात पहिल्या दहा पावलांतच ती जाते. वेडरचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

गाळाचं गणित वेगळं आहे. वेडरमध्ये दोन जाती असतात. एकीत बूट कायमचा जोडलेला असतो. दुसरीत खाली निओप्रीनचा मोजा असतो आणि त्यावर नाडीचे वेगळे बूट घालायचे. पहिली घालायला सोपी आणि स्वस्त, पण जोडलेला गम बूट एक नंबरानं जरी सैल असला तरी तापीचा पोयटा तो धरून ठेवतो. पाय बुटातून वर येतो, बूट खालीच राहतो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून असा वेडर घेताना जाड मोजे घालूनच बूट मापून बघा, टाच उचलली जायला नको. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. खाली पोकळी होते आणि चिखल आणखी आवळतो. टाच डावी-उजवी फिरवत बाजूनं पाणी आत जाऊ द्या, मग आधी टाच आणि नंतर चवडा काढा. हातात काठी हवीच, शक्यतो खांद्याएवढी बांबूची. पुढचं पाऊल टाकण्याआधी ती टोचून बघायची.

पाषाणाच्या पात्रात दुखणं वेगळं. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, सुकी यांसारख्या नद्यांत काळ्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं आणि त्यावर गुळगुळीत रबरी तळ साबणासारखा सटकतो. नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंच्या जाड थराचा, तळ तिथे सगळ्यात चांगला धरतो. पण नमदा दिवसेंदिवस ओला राहतो आणि एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात नेतो. याच कारणावरून न्यूझीलंडनं २००८ मध्ये आणि अलास्कानं २०१२ मध्ये नमद्याच्या तळावर बंदी घातली. आपल्याकडे एका तलावातली जलपर्णी दुसऱ्यात न्यायला बुटाला अडकलेला एक तुकडा पुरतो. तेव्हा रबरी तळाला चांगल्या खाचा आणि लोखंडी खिळे असलेले बूट बघा, आणि पाणी बदलताना बूट धुऊन उन्हात कडक वाळवा. त्यासाठी आपल्याकडे ऊन भरपूर आहे.

वेडरचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र काठावर उभा असतो. वेडी बाभूळ. धरणांच्या फुगवट्याच्या काठानं तिची जाळी माजली आहे. तिचा काटा कापडातून आरपार जातो आणि टोक आतच मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, पण दर पावलाला ते टोक भोक मोठं करतं. घरी आल्यावर वेडर उलटा करून गुडघे, पोटऱ्या आणि बूड यांवरून हळू हात फिरवा. टोक बोटाला लागलं की चिमट्यानं काढा, मग ठिगळ. टोक आत ठेवून वर ठिगळ लावलं तर ते आठवड्यात उचकटतं.

भोक शोधायला पंक्चरवाल्याची रीतच चांगली. वेडरचं तोंड गुंडाळून घट्ट बांधा, सायकलच्या पंपानं थोडी हवा भरा आणि वरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे खडूनं गोल करा. गोरटेक्सचा वेडर असेल तर तो उलटा करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. भोक असेल तिथे क्षणात काळपट ठिपका उमटतो, टाचणीच्या टोकाएवढा. त्यावर लवचीक युरेथेन सीलंटचा चार आण्याएवढा थेंब द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. महागड्या वेडरचं मला मनापासून आवडणारं एकच काम असेल तर हे, भोक स्वतः आपला पत्ता सांगतं.

पीव्हीसीला काय लावायचं यात सगळ्यात जास्त चूक होते. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, ते पीव्हीसीवर दोन दिवस धरतं आणि सुटतं. चपला चिकटवायचं पिवळं रबरी द्रव्यही टिकत नाही, कारण पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन हळूहळू वर येतं आणि तो चिकट थर सोडवतं. लागतं ते पीव्हीसी चालणारं पॉलियुरेथेन चिकटद्रव्य, आणि ठिगळ पीव्हीसीच्या ताडपत्रीचंच. दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासा, स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या. ठिगळाचे कोपरे गोल कापा, कोपरा असला की तिथूनच ते उचकटतं. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी किमान दोन सेंटीमीटर मोठं असू द्या. दोन्हीकडे पातळ थर लावा, हाताला चिकटेल पण ओला लागणार नाही एवढा सुकू द्या, मग दाबा आणि वर वरवंटा ठेवा. चोवीस तास पाण्यात नाही.

शिवणीत गळती बहुतेक वेळा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बूट-पँटच्या जोडावर होते. चालताना मांड्या घासतात, वाकताना घोटा मुडपतो. घेतानाच हे दोन जोड उलटे करून बघा. पट्टी अंगठ्याच्या नखानं सुटत असेल तर तो वेडर दुकानातच राहू द्या.

ठेवण्याबद्दल. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पीव्हीसी टाकलात तर त्यातलं तेल उडून ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं. घाम सोडणाऱ्या कापडाचा वेडर ओलाच पिशवीत बांधून ठेवलात तर उलटंच दुखणं: आतला पॉलियुरेथेनचा थर दमटपणानं फुटतो, आंबूस वास येतो, पट्ट्या गळतात. आधी आतून वाळवा, मग बाहेरून, आणि सावलीत टांगा. पायांना खोबरेल चोळून अशा वेडरमध्ये शिरू नका. तेल त्या सूक्ष्म छिद्रांत बसतं आणि घाम बाहेर जायची उरलीसुरली वाटही बंद करतं.

जिवाशी गाठ असलेली गोष्ट म्हणजे कंबरपट्टा. तो ताणून बांधल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो, असं लोक समजतात. विहिरीत बुडालेली भरली बादली पाण्यात असेपर्यंत हाताला हलकीच लागते, वर काढताना जड होते. वेडरचंही तसंच. भरलेला वेडर खाली ओढत नाही. तो पोहू देत नाही, काठावर चढू देत नाही, आणि धारेत सापडला की शिडासारखा पाणी धरतो. पट्टा घट्ट असेल तर पाणी छातीपाशीच अडतं. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं ठेवा, हातांनी वल्हवत तिरके काठाकडे या आणि उथळ पाणी लागल्यावरच उभे राहा. आणि हतनूरचे ४१ दरवाजे पावसाळ्यात केव्हा उघडतील याचा भरवसा नाही. धरणाखालच्या पात्रात त्या दिवसांत कोणतंही कपडं कामाचं नाही.

आता त्या महागड्या कपड्यांच्या चालीबद्दल. सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. १९७३ मध्ये सुरू झालेल्या पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीनं विकलेले कपडे दुरुस्त करून देण्याची रीत पाडली आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापकांनी मालकी पर्यावरणाच्या कामासाठी सोडली, हे मोठंच आहे. पण त्याच जगानं पाणी झटकणाऱ्या कापडासाठी पीएफएएस रसायनं पन्नास वर्षं वापरली. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत, नदीत आणि रक्तात राहतात. कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांच्यावर बंदी आली तेव्हा कंपन्या घाईनं बदलल्या. नदीवर प्रेम म्हणून विकलेला कपडा नदीत विष सोडत असेल, तर त्यावरचं चिन्ह छातीवर मिरवण्यासारखं नाही. आणि तोरणमाळ-पाटणादेवीला दोन दिवस फिरायला पन्नास हजारांचं जॅकेट लागतं हे कोणीतरी आपल्याला शिकवलंय. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब सोडत नाही आणि फाटली तर सुईदोऱ्यानं नीट होते. कपड्याला हीच कसोटी लावावी: गावात दुरुस्त होतो का?

त्या कसोटीवर आपल्या मच्छीमारांसाठी वेडर नव्यानं बेतायला हवा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळी देण्याची तरतूद आहे. त्याच यादीत हिवाळ्यासाठी वेडर यावा, अशी मागणी सहकारी संस्थांनी लेखी करावी. हतनूर, गिरणा, उकाईच्या फुगवट्याकाठचं नवापूर, नर्मदेकाठचं धडगाव-अक्कलकुवा, सगळीकडून. मागताना नुसतं 'वेडर' लिहू नका, नाहीतर सगळ्यात स्वस्त, सैल बुटांचा माल माथी मारतील. असं लिहा: नायलॉनवर पीव्हीसी, गुडघ्यावर आणि बुडावर दुहेरी थर, खाली मोजा आणि वेगळे नाडीचे बूट, पाच ते अकरा सगळी मापं, काढता न येणारा कंबरपट्टा, आणि प्रत्येक जोडीमागे त्याच कापडाचे हातभर तुकडे व चिकटद्रव्याची एक डबी.