आईची मांडी म्हणजे कारसीट नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी एक संदेश पुढे पाठवला. मूल तीन वर्षांचे झाले की कारसीट काढून ठेवा, असा त्याचा एकूण सूर होता. त्यातले दावे थोडक्यात असे: भारतात मुलांच्या सीटबद्दल कायदाच नाही, आईची मांडी ही सर्वांत सुरक्षित जागा आहे आणि फार तर आईचाच पट्टा दोघांभोवती घ्यावा, तीन वर्षांनंतर उशीवर बसवून मोठ्यांचा पट्टा लावला की पुरते, युरोपातही तसेच करतात, हार्नेसमुळे, म्हणजे कारसीटच्या स्वतःच्या पट्ट्यांमुळे, मान मोडते आणि आग लागली तर मूल अडकून पडते, हा सगळा कंपन्यांच्या नफ्याचा खेळ आहे, शहरात चाळीसच्या वेगाने काही होत नाही, आणि सीट घ्यायचीच असेल तर '० ते १२ वर्षे' लिहिलेली एकच घ्यावी.

असे संदेश रोज येतात आणि एरवी मी ते उघडतही नाही. हा उघडला, कारण बडोद्यात मांजलपूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तो वाचून खरोखरच सीट काढली आणि माळ्यावर टाकली. भाची सव्वाचार वर्षांची आहे. वजन साडेसोळा किलो, उंची १०३ सेंटिमीटर. रविवारी ती मंडळी पावागडला जाऊन आली आणि परतीच्या वाटेवरचा फोटो गटावर आला. भाची उशीवर बसल्या बसल्या झोपली आहे, मान एका बाजूला कलली आहे, खांद्याचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून तिने तो काखेखाली घेतला आहे आणि कमरेचा पट्टा सरकून पोटावर आला आहे. सगळ्यांनी फोटोचे कौतुक केले. मी तो मोठा करून पाहिला आणि त्याच रात्री हे लिहायला बसलो.

सर्वांत घातक दावा मांडीचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली की तिचा पुढचा भाग चेपतो आणि ती साधारण अर्ध्या ते पाऊण मीटरात थांबते. आतली माणसे मात्र बांधलेली नसतील तर त्याच वेगाने पुढे जात राहतात. त्यांना गाडीबरोबर थांबवायचे तर त्यांच्या वजनाच्या १३ ते २० पट जोर लावावा लागतो. साडेसोळा किलोच्या मुलीसाठी हा जोर दोनशे ते सव्वातीनशे किलोंच्या घरात जातो. पन्नास किलोची चार पोती कोणी एका झटक्यात हातांवर टाकली तर ती धरता येतील का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. त्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असतो, म्हणजे घट्ट धरायचे हे आईच्या मनात येण्याआधीच मूल हातातून निसटलेले असते. येथे माया कमी पडत नाही. हाताच्या स्नायूंना तेवढे बळच नसते.

'आईचा पट्टा दोघांभोवती' हा सल्ला तर मांडीपेक्षाही वाईट आहे. धडकेच्या क्षणी आईचे साठ किलो वजनही तेवढ्याच पटीने पुढे रेटले जाते आणि तिच्या व पट्ट्याच्या मध्ये सापडते ते मूल. ज्या पट्ट्याने आई वाचेल, त्याच पट्ट्यावर ती स्वतःच्या भाराने मुलाला चिरडेल. हे वाक्य लिहिताना मलाही त्रास होतो. पण संदेश लिहिणाऱ्याने हा उपाय 'घरगुती युक्ती' म्हणून दिला आहे आणि माझ्या बहिणीने तो एकदा करूनही पाहिला आहे, म्हणून स्पष्टच लिहिणे भाग आहे.

मागच्या सीटवर बसले की निर्धास्त, हीसुद्धा आपल्याकडची जुनी समजूत आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद-मुंबई महामार्गावर, पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. बडोद्याहून मुंबईला किंवा पुण्याला जाताना आपण सगळे तोच रस्ता धरतो.

आता मोठ्यांच्या पट्ट्याचा मुद्दा. हा पट्टा मोठ्या माणसाच्या शरीराला बेतलेला असतो: खालचा भाग कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावरून छातीवर. चार वर्षांच्या मुलाची कमरेची हाडे पट्टा अडकून राहील इतकी वाढलेली नसतात. म्हणून पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो आणि धडकेत आतडी व कण्याचा खालचा भाग यांना इजा होते. भाचीच्या फोटोत पट्टा नेमका तेथेच होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, २०१८ मध्ये दिलेली शिफारस निःसंदिग्ध आहे: मुलाला शक्य तितका काळ मागे तोंड करून बसवावे, ते त्या सीटच्या मर्यादेबाहेर गेले की पुढे तोंड करून, पण हार्नेस असलेल्या सीटमध्ये, त्या सीटची वजनाची वा उंचीची मर्यादा संपेपर्यंत ठेवावे, त्यानंतर बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, आणि नुसता पट्टा साधारण १४५ सेंटिमीटर उंची झाल्यावरच, जी बहुतेक मुलांची आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान होते. तेराव्या वर्षापर्यंत जागा मागचीच. वाढदिवस झाला म्हणून पुढची पायरी, असे या शिफारशीत कोठेही नाही. हार्नेस धडकेचा जोर दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांमधला पट्टा अशा पाच ठिकाणी वाटून देतो आणि झोपलेले मूलही जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणून ती पायरी शक्य तितकी लांबवायची.

युरोपाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. तेथे १०० सेंटिमीटरपासून पुढच्या मुलांसाठी बूस्टर मिळतात आणि अनेक घरांत चार वर्षांच्या सुमारास मूल त्यावर येते. पण हे बूस्टर उंच पाठीचे असतात. त्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार आणि पट्टा खांद्यावर नेमका बसवणारी खाच असते. नुसत्या बैठकीच्या बूस्टरला तर २०१७ पासून नवी मान्यता १२५ सेंटिमीटर आणि २२ किलोंच्या पुढच्या मुलांसाठीच मिळते. घरातली उशी यांपैकी कशातच मोडत नाही; ती धडकेत दबते आणि पट्ट्याखालून मूल पुढे घसरते. आणि उंच पाठीच्या बूस्टरवरही मूल प्रवासभर सरळ बसणारे हवे. आमची भाची गाडी बडोद्यातलीच वाघोडिया चौकडी ओलांडायच्या आत झोपते.

मान मोडण्याच्या भीतीतही एक खरा कण आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि धडकेत ते पुढे फेकले जाते; पण त्याचा निष्कर्ष हार्नेस सोडा असा निघत नाही, मूल अधिक काळ मागे तोंड करून बसवा असा निघतो, आणि स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत नेमके हेच करतात. पुढे तोंड केलेल्या सीटला वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, दिलेला असेल तर तो गाडीच्या त्यासाठीच्या कडीत अडकवावा. डोके पुढे जाण्याचे अंतर त्याने बरेच कमी होते. खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यावेत आणि इतके घट्ट असावेत, की चिमटीत त्यांची घडी सापडू नये. आगीचे म्हणाल तर बकल एका लाल बटणाने सुटते. मोकळे मूल धडकेतच बेशुद्ध झाले, तर ते मोकळे असण्याचा आगीत काय उपयोग?

चाळीसच्या वेगाची धडक म्हणजे सव्वासहा मीटरवरून, सुमारे दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. शिवाय समोरून येणारा चाळीसनेच येईल याची हमी कोण देणार? आणि अहमदाबादला जाताना आपण एक्स्प्रेसवेवर शंभरने जातोच. कायद्याचा दावा सरळ खोटा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. कलमात 'पट्टा किंवा बालआसन' असे आहे, म्हणजे सीटच हवी असे कायदा म्हणत नाही, हे खरे. पण मांडी त्या दोन्हींत बसत नाही.

राहिली '० ते १२ वर्षे' लिहिलेली सीट, आणि येथे खरेदी करणाऱ्याची खरी फसगत होते. अशा बहुतेक सीटांवर '० ते ३६ किलो' असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण आतला हार्नेस अनेकदा १८ किलोंपर्यंतच वापरायचा असतो. पुढे हार्नेस काढून तीच सीट बूस्टर म्हणून गाडीच्या पट्ट्याबरोबर वापरावी लागते. सीट दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हार्नेस किती किलो आणि किती उंचीपर्यंत? २५ किलोंपर्यंत हार्नेस असलेल्या सीटा मिळतात, अमेरिकी सीटांमध्ये तर काही २९ किलोंपर्यंत जातात. उत्तर तोंडी नको, सीटवरच्या नारिंगी मान्यता-लेबलवर आणि माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगावे. त्यानंतर सीट आपल्या गाडीत प्रत्यक्ष बसवून पाहावी, कारण छोट्या गाडीत रुंद सीट नीट टेकत नाही. फार महाग म्हणजे फार सुरक्षित असे नसते. काकांच्या संदेशात कंपन्यांच्या नफ्यावर जी ओरड आहे, तिच्यात एवढेच तथ्य आहे.

मुले हार्नेसला रडतात, हेही खरे आहे, पण बडोद्याच्या मे महिन्यात त्याचे कारण बहुतेक वेळा तापलेले बकल असते. गाडी उन्हात उभी करताना सीटवर जाड पंचा टाकून ठेवला तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

काल संध्याकाळी मी मांजलपूरला जाऊन सीट माळ्यावरून उतरवली. तिच्या हार्नेसची मर्यादा १८ किलो आहे आणि या वयात मुले वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढतात, म्हणजे नऊ-दहा महिने ती चालेल. खांद्याच्या पट्ट्याला वरची एक खाच अजून शिल्लक होती, ती लावली. टेदरची कडी मागच्या सीटच्या पाठीवर, गालिच्याच्या झाकणाखाली सापडली. तीन वर्षांत ती कोणी उघडलेलीच नव्हती. दिवाळीला ती मंडळी नाशिकला जाणार आहेत, आणि तोवर २५ किलोंच्या हार्नेसची सीट पाहून ठेवायची असे बहिणीने ठरवले आहे.