उणे दोनशे सतरा

सुट्या भागांच्या नोंदींत शोधाची सोय करून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले, तेव्हा शब्द म्हणजे काय हे आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी एक सहकारी हातात भाग घेऊनच आले. "अहो, 'केबी २१७' म्हणून शोधले, तर तुमचे यंत्र असे काही नाहीच म्हणते!" नोंदीत तो रोमन अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ देऊन, म्हणजे 'केबी-२१७' असा लिहिलेला होता.

पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये टीएस_डीबग नावाचे एक फंक्शन आहे. मजकूर दिला की डेटाबेसने त्याचे तुकडे कसे पाडले, हे ते निर्विकारपणे दाखवते. त्याने दाखवलेले तुकडे दोन होते: 'केबी' हा शब्द आणि '-२१७' हा पूर्णांक. रेघ त्याने वजाबाकीच्या खात्यात टाकली होती. भाग उणे दोनशे सतरा म्हणून नोंदलेला आणि शोधणारा अधिक दोनशे सतराच्या मागे, म्हणजे दोघांत तब्बल ४३४ चे अंतर! त्याच क्रमांकाला शेवटी एक अक्षर जोडून 'केबी-२१७ए' असे लिहिले, तर मात्र डेटाबेस एकदम उदार होतो आणि अखंड शब्द, 'केबी' व '२१७ए' अशा तिन्ही नोंदी ठेवतो. एका अक्षराने माणसाची पत एवढी वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

पूर्णविरामाचीही तीच कथा. इंग्रजी शेऱ्यांत पूर्णविरामानंतर जागा न सोडण्याची मला खोड आहे. त्यामुळे दोन वाक्यांच्या सांध्यावरचे शब्द एकत्र धरून डेटाबेसने ते संकेतस्थळाचे नाव ठरवले. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसकडे जावे, तर तो शब्दातला एक अपॉस्ट्रॉफी चालवून घेतो आणि लागोपाठ दोन आले की शब्दाची वाटणी करून मोकळा होतो.

शेवटी मी नोंदींतल्या आणि शोधातल्याही सगळ्या आडव्या रेघा काढून तिथे मोकळी जागा घातली. 'केबी २१७' क्षणात सापडला आणि दोन दिवस मी ताठ मानेने वावरलो. तिसऱ्या दिवशी तेच सहकारी पुन्हा आले. त्यांना -२० अंशांत न गोठणारे वंगण हवे होते आणि माझ्या शोधाने २० अंशांपुढेच चालणारी सगळी वंगणेही त्यांच्यापुढे मांडली होती.