लाज कशाशी खातात?

श्रावण सरत आला की आमच्या वेंगुर्ले तालुक्यात घरोघरी एकच घाई सुटते. चवथीच्या आत खळं साफ झालं पाहिजे. चाकरमानी येणार, भजनं बसणार, आणि पावसाने तर गडग्यापासून विहिरीपर्यंत रान माजवून ठेवलेलं असतं. टाकळ्याबद्दल माझी तक्रार नाही. कोवळा असताना त्याची भाजी होते, आणि थोराड झाला तरी बुडाला धरून ओढला की मुकाट्याने हातात येतो. माझं वैर आहे ते लाजरीशी. पुस्तकात तिला लाजाळू म्हणतात.

ही बाई जमिनीसरशी पसरते. वर गुलाबी, गोंड्यासारखी फुलं. बोट लागलं की शेंड्याकडची पानं जोडीजोडीने मिटत देठापर्यंत येतात आणि मग अख्खा देठच खाली कोसळतो. बघणाऱ्याला काय तिचा विनय वाटतो! पण पानं मिटली की आतापर्यंत झाकलेले काटे उघडे पडतात. पुढचा हात पडतो तो थेट त्यांच्यावर. काटा एवढा बारीक की नखाखाली मोडला तर दिवसा दिसत नाही, आणि रात्री सोलकढी ओरपताना बरोबर आठवण करून देतो. शेंगांनाही कडेने राठ केस असतात. त्या पँटला चिकटतात आणि आपण स्वतःच तिचं बी मागच्या परड्यात नेऊन पेरतो.

कार्ल लिनियसने १७५३ साली हिचं नाव मिमोसा प्युडिका ठेवलं. प्युडिका म्हणजे लॅटिनमध्ये विनयशील, लज्जावती. लिनियसला आमचं खळं बेणावं लागलं नव्हतं. ही मुळात उष्णकटिबंधातल्या अमेरिकेची. काजूही तिकडूनच आला म्हणा, पण तो निदान पैसे देतो.

खरं तर हे प्युडिका प्रकरणच मला संशयास्पद वाटतं. हल्ली नर्सरीवाले नागचाफा म्हणून जो विकतात, नागाच्या फणीसारख्या पानांचा, तो प्लुमेरिया प्युडिका. आमच्या वाडीत निम्म्या घरांच्या फाटकाशी आहे. बारा महिने पांढऱ्या फुलांनी लदलेला, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीलाही दिसेल असा, आणि वासाच्या नावाने बोंब. याला लाजरा म्हणायचं? युरोपात एक पतंग आहे, सिंबालोफोरा प्युडिका. पहिल्या नावाचा अर्थ झांजा बाळगणारा, दुसऱ्याचा लाजाळू. आणि तो उडताना खरंच आवाज करतो. झांजा वाजवत लाजणारा प्राणी मी फक्त आमच्या भजनी मंडळात पाहिला आहे. त्यातल्या त्यात फ्रिटिलेरिया प्युडिका नावाचं पश्चिम अमेरिकेतलं पिवळं फूल मान खाली घालून उभं राहतं, एवढंच काय ते समाधान. उलट लिनियसने एका कुजकट वासाच्या अळंबीला इम्प्युडिकस, म्हणजे निर्लज्ज, ठरवून टाकलं. त्या वासावर माश्या येतात आणि तिचे बीजाणू पसरवतात, पोटापाण्याचा साधा धंदा. तिचं पहिलं नाव मी इथे लिहीत नाही. लेख सासूबाई वाचतात.

तर दादा, वहिनी आणि मुलं डोंबिवलीहून उतरली. सामान अजून ओटीवर, आणि मुलं लाजरीत.

"काका, ही का मिटते?"

आता काकाला माहीत आहे म्हटल्यावर सांगायलाच हवं. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. स्पर्श झाला की तिच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी झटकन बाहेर जातं, फुगा बसतो आणि पान खाली येतं. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच झाडावर प्रयोग करून दाखवलं की हा निरोप विजेच्या रूपाने जातो. फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या गृहस्थांनी १७२९ साली तिला अंधारात कोंडलं, तरी ती दिवसा पानं उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ तिच्या आतच. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, ही आता मिटतच नाही. बिघडली."

बिघडली नव्हती, सरावली होती. ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधिकेने लाजरीच्या कुंड्या पंधरा सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडून पाहिल्या. सुरुवातीला पानं मिटली. यात काही धोका नाही हे कळल्यावर झाडांनी मिटणं सोडलं, आणि जवळपास महिनाभराने पुन्हा सोडल्या तेव्हाही ते त्यांच्या लक्षात होतं. २०१४ साली हे छापून आलं. याला आमच्याकडे कोडगं होणं म्हणतात, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जावं लागत नाही. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारून बघावा.

शेवटी ग्रासकटरवाल्याला बोलावलं. त्याने खळ्याकडे बघितलं, मशीन खाली ठेवलं आणि तंबाखू मळायला घेतली.

"मशीन वरच्यावर मारतला. मूळ थंयच रवतला. पाऊस पडलो की परत हाजीर."

"मग मुळासकट काढ."

"हातान? तेचे पैशे वेगळे." मग माझ्या बोटांकडे बघून, "आणि हातमोजे तुमचे."

"लाजरी आहे रे, वाघ नाही."

"लाजरी? माका तर लाजताना कधी गावली नाय."

इतक्यात मुलांनी आरडाओरडा केला. मशीन मारायचं नाही, लाजाळू आमची आहे. दादाने मुलांची बाजू घेतली. दादा वर्षातून एकदा येतो, त्याला दयाळू असणं परवडतं. वाटाघाटी होऊन विहिरीकडचा तुकडा मुलांसाठी राखून ठेवला आणि बाकीचं मशीनने सपाट झालं. पैसे अर्थात पूर्ण खळ्याचे.

निघायच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, बाल्कनीत लावायला एखादं रोप द्याल का हो? शेजारणींना दाखवेन."

मी पिशवी भरून दिली. वर शेंगांची पुडीही बांधून दिली.