तोंड मुलीचं आहे, मग उत्तर तिला का नाही?

आज डोकं फिरलंय, म्हणून जरा लांब लिहितेय.

दुपारी दादा-वहिनीबरोबर भाचीला घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, गेले होते. पोरगी बारा वर्षांची. वरचे दात एकमेकांवर चढलेत, सुळ्याला जागा नाही म्हणून तो वरूनच डोकावतोय. अर्धा तास बोलणं झालं. किती महिने लागतील, किती वेळा यावं लागेल, तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते ब्रॅकेट धातूचे की दाताच्या रंगाचे, सगळं विचारून झालं. डॉक्टर म्हणाले, चार उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढांच्या मधले दात, काढाव्या लागतील. तेव्हा ती हळूच म्हणाली, "पण ते दात तर चांगले आहेत ना?" त्यावर दादा म्हणाला, "मध्ये बोलू नकोस, मोठ्यांचं चाललंय ना."

मोठ्यांचं? दात कुणाचे आहेत रे दादा?

मीही बाराच वर्षांची होते. हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मला उत्तर मिळालं, "तू फक्त तोंड उघड." मग माझा दात स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन पडला. त्याचं मूळ बघून मी हबकले. दात आत इतका खोल असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कीड नाही, डाग नाही, पांढराशुभ्र दात! कितीतरी महिने मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकलं, म्हणून काढला.

दोन वाक्यांचं काम होतं हो. जबडा लहान आणि दात रुंद, सगळ्यांना उभं राहायला जागा नाही. सुळ्यामागची उपदाढ काढली की बाकीच्यांना सरकायला वाव मिळतो आणि ती फट हळूहळू मिटते. सगळ्यांचे दात काढावे लागतात असंही नाही. कुणाचे कडेने किंचित घासून भागतं, कुणाची वाढ चालू असेल तर टाळू रुंद करून जागा मिळते. बारा वर्षांच्या मुलीला हे कळत नाही?

आणि "दुखेल का?" याला सगळे म्हणणार, "छे, काही नाही!" खोटं. वायर बदलली की दोन-तीन दिवस चावताना ठणकतं, ब्रॅकेट गालाला घासून तोंड येतं, त्यावर मेण लावायचं असतं. खरं सांगा ना. दात हाडात घट्ट रोवलेला खांब नसतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. म्हणून तर दीड-दोन वर्षं लागतात. आपल्या तोंडात नवं हाड तयार होतंय हे ऐकून माझे तरी डोळे विस्फारले असते.

डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग असते, मान्य. पण त्या रांगेतही मुलंच बसलेली असतात.

दादावर मी जास्तच चिडले खरी. तो घाबरला होता. अपॉइंटमेंटच्या कार्डाचा कोपरा दुमडत, उलगडत बसला होता. "आम्ही उशीर केला का?" हे त्याने तीनदा विचारलं. उशीर नाही झालेला. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी वयाच्या सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते, पण ती बघून ठेवण्यासाठी. तेव्हाच तारा लावायला हव्यात असं बहुतेकांच्या बाबतीत नसतं. मात्र "दुधाचे दात काय, पडणारच आहेत" असं म्हणून किडू देऊ नका. दुधाची दाढ वेळेआधी गेली की मागची पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा खाते. मोठेपणीही उपचार होतात, हिरड्या आणि हाड धड हवं. तारांऐवजी अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, हवेत तर दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात, खिशात ठेवून दात हलत नाहीत.

पण ज्याचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो ते म्हणजे रिटेनर, तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा. तारा निघाल्या, सगळ्यांनी कौतुक केलं, हातात एक डबी दिली. "रात्री घालत जा." का? कधीपर्यंत? विचारायची माझी हिंमतच उरली नव्हती. त्या ट्रेपासून मी त्या खोलीत तोंड फक्त उघडत होते. वर्षभराने डबी कपाटात गेली. हिरडीतले ताणलेले धागे दाताला मागे ओढतात आणि वयाबरोबर खालचे पुढचे दात तसेही दाटी करतात, म्हणून रिटेनर वर्षानुवर्षं घालायचा असतो, हे मला तिशीत कळलं. लिहिता लिहिता जीभ तिथेच जातेय, खालच्या त्या दोन दातांवर, एक पुन्हा दुसऱ्यावर चढलाय.

परत येताना गाडीत मी भाचीला सगळं सांगितलं. ट्रेचंसुद्धा. तिने विचारलं, "आत्या, काढलेला दात मला बघायला देतील?" मी म्हटलं, माग. वहिनीने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "मी मागेन तुझ्यासाठी." दादा काहीच बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने तिला एक कोरी वही काढून दिली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी काय विचारायचंय ते लिही."

आतापर्यंत अकरा प्रश्न झालेत.